दबलेली नस आणि रात्रीची झोप

नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यात सोयाबीनची काढणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू झाली, की दिवसच्या दिवस कमरेत वाकून काम चालते. शहरात कमरेवर तोच ताण तासन्‌तास खुर्चीत बसण्याने आणि दुचाकीच्या हादऱ्यांनी येतो. दिवस कसाबसा निभावतो. खरी परीक्षा रात्री असते. कूस बदलताच कमरेतून निघालेली कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते आणि झोप उडते.

नेमके काय होते?
कमरेच्या मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. चकती मागे सरकली किंवा वयोमानाने मज्जारज्जूची नलिका अरुंद झाली, की पायाकडे जाणारी नस दाबली जाते. यालाच ‘सायटिका’ म्हणतात. आयुर्वेदात या विकाराचे नाव ‘गृध्रसी’ आहे. चकती सरकल्याने नस दबते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये स्पष्ट केले. आडवे झाल्यावर चकतीवरील दाब सर्वांत कमी होतो. मात्र कंबर पिळलेली किंवा खचलेली राहिली, तर हा लाभ मिळत नाही.

कसे झोपावे?
कुशीवर झोपणाऱ्यांनी दुखरी बाजू वर ठेवावी, गुडघे किंचित दुमडावेत आणि त्यांच्यामध्ये उशी घ्यावी. त्यामुळे वरचा पाय पुढे घसरत नाही व कमरेला पीळ बसत नाही. उताणे झोपायचे असल्यास गुडघ्यांखाली उशी किंवा घडी केलेली वाकळ ठेवावी. पालथे झोपणे शक्यतो टाळावे. सवय सुटतच नसेल तर ओटीपोटाखाली पातळ उशी घ्यावी. नलिका अरुंद झालेल्या वृद्धांना गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यास बरे वाटते. ज्या स्थितीत पायातील कळ ओसरते, तीच आपली योग्य स्थिती समजावी.

गादी की फळी?
सैल पडलेल्या बाजेवर कंबर खोल जाते, म्हणून ती कसून घ्यावी किंवा काही दिवस सोडावी. पण उघड्या फळीवर झोपण्याचा जुना सल्लाही सर्वांना मानवतोच असे नाही. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीचा अधिक उपयोग झाला. जमिनीवर झोपणाऱ्यांनी सतरंजीवर दोन-तीन वाकळा अंथराव्यात. मात्र उठबस त्रासाची होत असेल तर पलंगच बरा.

उठताना
एकदम उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांवर जोर देऊन उठावे. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकून झाडणे, बादली उचलणे टाळावे. शेकायचे असेल तर झोपण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे पुरेत. बधिर पायाला किंवा कमरेला चटका जाणवत नाही, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी लावून झोपू नये. मधुमेहींनी विशेष जपावे.

पडून राहणे हा उपचार नव्हे
सायटिकाच्या १८३ रुग्णांवरील नेदरलँड्समधील अभ्यासात (१९९९), दोन आठवडे अंथरुणात पडून राहिलेल्यांना इतरांहून अधिक लाभ झाला नाही. झेपेल तितके चालावे. बहुतेकांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो.

हे दुर्लक्षू नका
लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघ व गुदद्वाराभोवती बधिरपणा, पावलातील किंवा दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे, ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी मालिश करण्यात किंवा कंबर मोडून घेण्यात रात्र घालवू नये. बिलोलीसारख्या गावातून थेट नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. येथे काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. कंबरदुखीसोबत ताप, घटते वजन किंवा कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना असल्यासही तपासणी लांबवू नये.