वर्गाबाहेरील विद्या आणि तिची पारख

परमेश्वराच्या कृपेनें धर्मग्रामाचा ज्युबिली-महोत्सव साजरा होत असतां निघणाऱ्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, वेदीचा, घंटेचा आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत यावा, हें सर्वथा उचित आहे. परंतु या प्रसंगीं आणखी एका कार्याचा इतिहास सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तें कार्य म्हणजे कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींना वर्गाच्या भिंतींबाहेर मिळणारें साहाय्य. वसतिगृह, वाचनालय, शिष्यवृत्ति, अभ्यासमंडळ, सेवासंघ, वडीलधाऱ्यांचा सल्ला, हीं सर्व त्याचीं अंगें होत. या साहाय्यावर समाजाचा पैसा आणि श्रम खर्च होतात. पण त्यापासून विद्यार्थ्याच्या ठायीं काय उपजलें, हें कोणीं व कसें पाहावें, हा प्रश्न मात्र फार उशिरां विचारला गेला. तो कसकसा पुढें आला, तें आम्ही येथें संक्षेपानें सांगणार आहों.

आपल्या किनाऱ्यावरील कॅथॉलिक शिक्षणाचें मूळ गोव्यांत आहे. १५४१ सालीं तेथें सांता फे नांवाचें बंधुमंडळ निघालें व त्याच्या आश्रयानें विद्यार्थ्यांसाठीं निवासी विद्यालय उभें राहिलें. पुढच्याच वर्षीं, ६ मे १५४२ रोजीं, संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हें विद्यालय पुढें येशूसंघाच्या हातीं आलें आणि सेंट पॉल कॉलेज या नांवानें प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं सुरू झाला तो याच कॉलेजांत. निरनिराळ्या जातींचीं व भाषांचीं मुलें येथें एका छपराखालीं राहत. तेव्हां शिकणें तासापुरतें नव्हतें; जेवण, प्रार्थना, खेळ आणि सहवास हेंहि शिक्षणच होतें.

या रीतीला लेखी नियमांचें रूप १५९९ सालीं आलें. त्या वर्षीं येशूसंघानें आपल्या सर्व विद्यालयांसाठीं ‘रातिओ स्तुदिओरुम’ नांवाची अभ्यासपद्धति ठरवून दिली. तींत वर्गाचे नियम तर आहेतच. परंतु वर्गाबाहेरील ‘अकादमी’ या मंडळांचेहि स्वतंत्र नियम आहेत. या मंडळांत निवडक विद्यार्थी एकत्र जमून उजळणी करीत, वादविवाद करीत, भाषणें करीत. याच्या जोडीस मरियेची सोडॅलिटी होती. ती १५६३ सालीं रोमच्या कॉलेजांत जाँ ल्युनी या तरुण येशूसंघीय शिक्षकानें सुरू केली व १५८४ सालीं पोप तेरावे ग्रेगरी यांनीं तिला मान्यता दिली.

या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. खालच्या वर्गांच्या शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांची वर्णानुक्रमें यादी ठेवावी व उत्तम, चांगले, मध्यम, संशयित, त्याच वर्गांत ठेवण्याजोगे आणि काढून टाकण्याजोगे अशा प्रती १ ते ६ अंकांनीं दाखवाव्या, असा नियम या पद्धतींत आहे. वर्गांतील प्रगति अंकांत मांडण्याची तजवीज इतकी जुनी आहे. परंतु अकादमीनें अथवा सोडॅलिटीनें मुलाच्या मनावर काय संस्कार केला, यासाठीं अंक नव्हता. त्याची पारख निकटच्या ओळखीनें होई. शिक्षक मुलाला नांवानें, घराण्यानें व स्वभावानें ओळखीत असे, आणि जोंवर मुलें थोडीं व शिक्षक त्यांच्या सन्निध होते, तोंवर ही ओळखच पुरेशी ठरली.

ही स्थिति एकोणिसाव्या शतकांत पालटली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. अशा विद्यापीठाचें काम परीक्षा घेणें आणि पदव्या देणें; शिकविणें हें कॉलेजांचें काम. साहजिकच विद्यार्थी म्हणजे एक बैठक-क्रमांक, अशी समजूत रूढ झाली. तो कोठें राहतो, काय खातो, कोणाच्या संगतींत असतो, याची विद्यापीठास विचारपूस नव्हती. याच्या थोडें आधीं, १८५२ सालीं, डब्लिनच्या कॅथॉलिक विद्यापीठासाठीं लिहिलेल्या प्रवचनांत जॉन हेन्री न्यूमन यांनीं या कल्पनेवर कठोर टीका केली होती. केवळ परीक्षा घेऊन पदवी देणारें विद्यापीठ, आणि तरुणांना तीन-चार वर्षें एकत्र ठेवून मग निरोप देणारें विद्यापीठ, या दोहोंत निवड करावयाची झाल्यास बुद्धीच्या संस्कारासाठीं आपण दुसरेंच पत्करूं, असा त्यांचा अभिप्राय होता. २०१९ सालीं संतपदास पोंचलेल्या या पुरुषाचें हें म्हणणें विनोदाचें नव्हतें. मुलें एकमेकांपासून शिकतात, ही गोष्ट शिक्षणशास्त्रज्ञांनीं मोजूं लागण्याच्या कितीतरी आधीं त्यांनीं ओळखली होती.

मुंबईंत येशूसंघानें १८६९ सालीं सेंट झेवियर कॉलेज काढलें. पुढें १९०४ सालच्या विद्यापीठ-कायद्यानें संलग्नतेच्या अटींत एक महत्त्वाची अट घातली. आईबापांपाशीं अथवा पालकांपाशीं न राहणाऱ्या विद्यार्थ्यांची कॉलेजांत किंवा कॉलेजानें पसंत केलेल्या जागीं राहण्याची सोय, त्यांच्यावर देखरेख आणि त्यांच्या शरीरस्वास्थ्याची काळजी, हीं कॉलेजानें पाहिलीं पाहिजेत, असें ठरलें. वर्गाबाहेरील विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीस पडला, तो असा. परंतु तपासणी झाली ती खोल्यांची व खाटांची. खाट मोजतां येते. खाटेवर निजणाऱ्याच्या मनांत काय चाललें आहे, तें मोजतां येत नाहीं, हा भेद तेव्हां कोणास फारसा जाणवला नाहीं.

याच काळीं महाराष्ट्रांत या प्रश्नाचें खरें मर्म दुसऱ्या दिशेनें उघड झालें. कोल्हापुरास राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलें, आणि पाठोपाठ इतर अनेक जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं. गरिबाच्या मुलाला वर्गांत जागा मिळूनहि भाकरीअभावीं परत जावें लागे, हें त्यांनीं ओळखलें होतें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस जेवीत. पुढें १९४७ सालीं निघालेल्या साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ ही योजना आली.

आतां या वसतिगृहाचें यश कशानें ठरवावें? मुलांची संख्या सांगून, कीं परीक्षेंत उतरलेल्यांची टक्केवारी देऊन? दोन्ही सांगावीं, पण जो मुलगा घरून शिवाशीव शिकून आला, तो परत गेला तेव्हां कोणाच्या हातचें पाणी पिऊं लागला होता, हें विचारल्यावांचून त्या पंगतीचा अर्थ कळत नाहीं. पाठ्यपुस्तकांत नसलेला धडा तेथें शिकविला जात होता, आणि त्याची परीक्षा मुलगा आपल्या गांवीं परतल्यावर होत होती. आमच्या मतें वर्गाबाहेरील शिक्षणाची पारख करण्याचें सूत्र येथेंच सांपडतें: किती साहाय्य दिलें हें पहिलें विचारावें, पण त्यायोगें काय पालटलें हें विचारल्यावांचून थांबूं नये.

या सूत्रास शास्त्राचें रूप अमेरिकेंत मिळालें. १९३७ सालीं तेथील अमेरिकन शिक्षण परिषदेनें कॉलेजांतील विद्यार्थिसेवांविषयीं एक निवेदन प्रसिद्ध केलें. विद्यार्थी म्हणजे केवळ बुद्धि नव्हे, तर शरीर, भावना, नीति, घरची स्थिति व पुढील जीविका यांसह संपूर्ण माणूस, आणि त्या संपूर्ण माणसाचा विचार कॉलेजानें करावा, हा त्याचा गाभा होता. कॉलेजानें कराव्या अशा सेवांची यादी त्यांत दिली असून, या सेवांचें परीक्षण व सुधारणा करण्यासाठीं अभ्यास चालू ठेवावा, हेंहि एक काम म्हणून तींत नोंदलें आहे. १९४९ सालीं त्या निवेदनाची सुधारलेली आवृत्ति निघाली. पुढें १९७९ सालीं तेथील निरनिराळ्या संघटनांनीं मिळून या सेवांचे आदर्श मानदंड ठरविणारी परिषद स्थापन केली. २००४ सालीं निघालेल्या एका संयुक्त अहवालांत तर वर्गांतील व वर्गाबाहेरील शिकणें हें एकच अखंड कार्य आहे, असें प्रतिपादन झालें.

स्वतंत्र भारतांतहि विचार याच वाटेनें गेला. १९४८-४९ सालच्या राधाकृष्णन् आयोगानें विद्यार्थिकल्याणाचा प्रश्न हातीं घेतला. १९६४ ते १९६६ या काळांत काम करणाऱ्या कोठारी आयोगानें विद्यार्थिसेवा ही केवळ परोपकाराची बाब नसून शिक्षणाचें अविभाज्य अंग आहे, असें सांगितलें. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झाली. या योजनेंत दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. तासांचा हा नियम चांगला आहे, कारण त्यानें आळस झांकला जात नाहीं. परंतु ज्या विद्यार्थ्यानें १२० तास खेड्यांत घालविले, तो त्या खेड्याचें दुःख समजून परतला कीं केवळ हजेरी भरून परतला, हें तासांवरून उमगत नाहीं.

१९९४ सालीं राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद स्थापन झाली. वाचकांस ती ‘नॅक’ या संक्षिप्त नांवानें परिचित असेल. तिनें कॉलेजांच्या तपासणीसाठीं जे सात निकष लावले, त्यांतील पांचवा ‘विद्यार्थी-साहाय्य आणि प्रगति’ हा होता. २०१७ च्या सुधारलेल्या पद्धतींत विद्यार्थ्यांचा समाधान-कौल प्रत्यक्ष घेण्याचीहि सोय झाली. १९०४ सालीं खाट मोजणाऱ्या तपासणीपासून विद्यार्थ्याचें मत विचारणाऱ्या तपासणीपर्यंतचा हा प्रवास लहान नाहीं. तरीहि समाधान म्हणजे शिकणें नव्हे. ज्या मार्गदर्शकानें गोड बोलून मुलाला आहे तेथेंच राहूं दिलें, त्याच्यावर मुलगा संतुष्ट असूं शकतो. आणि ज्यानें त्याला कष्टाच्या वाटेस लावलें, त्याचे उपकार त्याला दहा वर्षांनीं कळतात.

मग खरी पारख कोणती? इतक्या वर्षांच्या अनुभवांतून तिचे कांहीं सरळ नियम निघतात. पहिला असा कीं, साहाय्य सुरू करण्यापूर्वींच त्याचा हेतु एका वाक्यांत लिहून ठेवावा. अभ्यासिका काढली ती शांत जागेसाठीं कीं एकमेकांस शिकविण्यासाठीं, हें ठरलें नसेल तर ती साधली कीं फसली, हें कधींच सांगतां येणार नाहीं. दुसरा असा कीं, तोच प्रश्न आरंभीं व शेवटीं विचारावा. कारण शेवटीं दिसणारा गुण मुलानें घरूनच आणलेला असूं शकतो. तिसरा नियम सर्वांत सूक्ष्म आहे. जीं मुलें आपण होऊन अभ्यासिकेंत येतात, तीं बहुधा आधींच उद्योगी असतात. त्यांचे गुण अधिक आले म्हणून सारें श्रेय अभ्यासिकेस देणें ही आत्मवंचना होय. म्हणून आलेल्यांइतकीच न आलेल्यांची चौकशी करावी. चौथा नियम मर्यादेचा आहे: विद्यार्थ्यानें विश्वासानें सांगितलेलें मनोगत नोंदवहींत जाऊं नये. पापनिवेदनाच्या संस्काराची थोरवी जाणणाऱ्या आपणांस हें अधिक सांगण्याची गरज नाहीं.

या विचाराचा आपल्या वसईच्या धर्मग्रामांशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध निकटचा आहे. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि वाडींतील मुलाला रोज मुंबईस जाऊन कॉलेज करणें शक्य झालें. पुढें १९८४ सालीं वसईच्या भूमींत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या नांवाचें कॉलेज वसईंतच निघालें आणि ज्या मुलींना दूर पाठविण्यास घरचे कचरत, त्यांनाहि पदवीची वाट मोकळी झाली. तथापि ज्या घरांत पूर्वीं कोणी कॉलेज पाहिलें नाहीं, तेथील मुलाला प्रवेशाचा अर्ज, इंग्रजी व्याख्यान, शिष्यवृत्तीची मुदत, हें सारें अनोळखी असतें. त्याला विचारावयास घरीं कोणी नसतें. अशा वेळीं जो आधार कॉलेज देऊं शकत नाहीं, तो धर्मग्रामानें द्यावा अशी अपेक्षा स्वाभाविक आहे.

असा आधार देणाऱ्या मंडळांचे वार्षिक अहवाल सर्वत्र एकाच घाटाचे असतात: इतक्यांना शिष्यवृत्ति, इतकीं व्याख्यानें, इतके बक्षीसपात्र. ज्या मुलानें पहिल्याच वर्षीं कॉलेज सोडलें, त्याचें नांव अशा अहवालांत येत नाहीं. तो नापासांच्या यादींतहि नसतो, कारण तो परीक्षेस बसलेलाच नसतो. तो शेतावर अथवा कारखान्यांत गेला असेल, प्रामाणिकपणें कष्ट करीत असेल. पण त्याचें शिक्षण कोठें व कां तुटलें, हें कोणीं विचारलें नाहीं, आणि म्हणून पुढच्या वर्षीं त्याच्या धाकट्या भावाचेंहि त्याच ठिकाणीं तुटतें. ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या मंडळींनीं एक साधी वही घालावी. कॉलेजांत गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचें नांव तींत असावें आणि वर्षांतून दोनदां कोणी तरी त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी, इतकीच आमची विनंती आहे.

कित्येकांस असें मोजणें रुक्ष वाटतें. प्रेमाच्या कामांत हिशेब कशाला, असें ते म्हणतात. त्यांनीं शुभवर्तमानांतील मेंढपाळाचा दाखला आठवावा. शंभरांतून एक मेंढरूं हरवलें, हें त्याला कळलें कशावरून? त्यानें मोजलीं म्हणून. नव्व्याण्णव सुखरूप आलीं यावर संतोष मानणारा मेंढपाळ रानांत परत गेला नसता. मोजणी ही त्याच्या प्रेमाची पहिली पायरी होती. आपल्या तरुण मुलामुलींविषयीं अशीच जागृति उत्तम मेंढपाळ जो प्रभु येशू ख्रिस्त, तो आपणां सर्वांस देवो, हीच या मंगल प्रसंगीं आमची प्रार्थना.