आभाळातून पडलेलं जातं

आमच्या घरात भाकरीचा तुकडा पानात टाकायची सोय नव्हती. लहानपणी एकदा मी टाकला, तेव्हा आजी रागावली नाही. तो उचलून तिने स्वतः खाल्ला आणि म्हणाली, "मामंजी असते तर जेवले नसते आज."

मामंजी म्हणजे तिचे सासरे, आमचे थोरले आबा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला', म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेले, 110व्या मराठा पलटणीतले शिपाई. मी त्यांना पाहिलेलं नाही. आजीने जे सांगितलं ते जात्याशी बसून. एका हाताने खुंटा फिरवत, दुसऱ्याने वैरण टाकत. म्हणून कूतचा वेढा माझ्या कानात अजून घरघरीसकट आहे.

बगदाद घ्यायला निघालेली इंग्रजांची पुणे डिव्हिजन, जिच्यात आबांची पलटण होती, टेसिफॉनला अडली, मागे फिरली आणि 7 डिसेंबर 1915 रोजी कूत अल अमारा गावात कोंडली गेली. तिन्ही बाजूंना टायग्रिसचं पाणी, चौथीकडे तुर्कांचे खंदक. आबांची पलटण तर गावातही नव्हती. नदीपलीकडे लोकरीचे गठ्ठे बांधायचा कारखाना होता, त्याच्या वस्तीत 120व्या पायदळाबरोबर तिला ठेवलं होतं. पाठीशी नदी, समोर शत्रू. "दिवसा माती उपसायची, रातीला पानी," एवढंच आबा त्या पावसाळी हिवाळ्याबद्दल सांगत.

कूतमध्ये जव होते, पण ते दळायचे कशावर? तेव्हा विमानांनी जात्याचे दगड आणून टाकले. "आभाळातनं जातं पडलं," आजी म्हणायची, आणि मला वाटे ही तिची गोष्ट. पुढे वेढ्याच्या इतिहासात तेच वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

एप्रिलमध्ये पीठ माणशी चार औंसांवर आलं. दिवसाला जेमतेम एक भाकरी. शिपाई रानातला पाला उकडून खात, त्यात विषारीही निघे. गोरे सैनिक जानेवारीपासून घोड्याचं मांस खात होते. आपल्यातल्या बहुतेकांनी ते महिनोन् महिने नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंनी परवानगी कळवली, तरी पुष्कळांचा हात पुढे होईना. सेनापती टाउनशेंडने या नकाराला दोष दिला आहे. मला तो दोष मान्य नाही. आबांनी आजीला सांगितलं होतं, "तुर्काचं भ्या न्हवतं. गावाचं होतं. घोडं खाल्लं म्हनल्यावर माझ्या पोरी कोन करून घेनार?"

शेवटी आबांनी ते खाल्लं. आणि जगले. ही गोष्ट त्यांनी भावाला सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही. म्हातारपणी, एका पहाटे, दळत बसलेल्या सुनेला सांगितली. आजीचा हात थांबला असेल का? ती म्हणे, "न्हाई थांबिवला. थांबिवला असता तर गप झाले असते." त्या वेळी आजीला जे सुचलं, ते कुठल्या सेनापतीला सुचलं नाही.

29 एप्रिल 1916ला, जवळजवळ पाच महिन्यांनी, कूत पडलं. सुमारे 13 हजार माणसं कैद झाली. वाळवंटातून पायपीट, मग रेल्वेच्या कामावर वेठ. त्या वाटेवर हजारो मेले. त्याबद्दल आबा बोललेच नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

आबा परतले. आमच्या वेशीपाशी एक दगडी पाटी आहे. महायुद्धावर किती माणसं गेली आणि किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलंय. बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा घातला.