लाटा दिवसाच्या, वाळू रात्रीची

आमच्या वेळापूरच्या नावात मला नेहमी संस्कृतातलं 'वेला' ऐकू येतं, म्हणजे समुद्राचा काठ. व्युत्पत्ती काय असेल ती असो, माळशिरस तालुक्यात काठ मिळाला तर कालव्याचा! त्यामुळे सर्फिंग शिकायचं तर घाट उतरून गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या आश्व्याला. फळीवरून पडत-झडत दोन विकांत घालवल्यावर त्या किनाऱ्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यातच रमलो.

पेडणे पोर्तुगीजांकडे आलं ते उशिरा. सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये, म्हणजे 'नव्या काबिजादी'त. जुन्या गोव्याच्या चर्चा आणि वाडे या बाजूला फारसे आलेच नाहीत. शिवोली आणि चोपडे यांच्यामधल्या शापोरा नदीवर पूल व्हायच्या आधी पलीकडे जायचं म्हणजे फेरीबोट. त्यामुळे कळंगुट-बागा गजबजले तरी मोरजी, आश्वे, मांद्रे निवांतच राहिले. आपण ज्याला 'अस्पर्श किनारा' म्हणतो, तो बऱ्याचदा असाच उशिरा झालेल्या पुलाचा प्रताप असतो.

आता लाटेबद्दल थोडं. इथली लाट खडकावर नाही, वाळूवर फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पटीवर आली की लाट कोसळते. ती कुठे कोसळणार हे पाण्याखालचे वाळूचे बांध ठरवतात, आणि ते बांध दर पावसाळ्यात जागा बदलतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नवशिक्यांनी लांबच राहावं. हिवाळ्यात मात्र गंमत असते. अरबस्तानाकडून वाहणाऱ्या 'शमाल' वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा पार आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात.

नेमक्या याच हंगामात, याच वाळूवर आणखी एक पाहुणी येते. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री वर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पहाटेआधी निघून जाते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाकडे धावतात. रात्री सगळ्यात उजळ दिसतो तो समुद्र, एवढंच त्यांना उपजत ठाऊक असतं. पण मागे शॅकचे दिवे लागलेले असले की हा हिशेब चुकतो आणि पिल्लू उलट्या दिशेने चालू लागतं.

पूर्वी ही अंडी सर्रास काढून खाल्ली आणि विकली जायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कासवाला संरक्षण दिलं, पण कागदाने अंडी राखली जात नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोरजीच्या तेंबवाड्यावर वनखातं आणि गावकरी एकत्र आले, तेव्हा कुठे घरट्यांवर पहारा सुरू झाला. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नोंदवले गेले. नकाशावर याला कुणी अभयारण्य म्हणत नाही, पण काम तेच.

आम्हा सोलापूरकरांना अभयारण्य म्हटलं की नान्नज आठवतं. १९७९ मध्ये माळढोकसाठी आठ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र राखीव झालं, त्यात गावंच्या गावं आणि शेतंच्या शेतं आली. पुढे ते बरंच कमी करावं लागलं, आणि माळढोक तर आता जवळपास दिसतच नाही. तेंबवाड्याचं क्षेत्र त्यामानाने चिमूटभर, पण राखणारा माणूस तिथलाच. मला वाटतं, फरक इथे पडतो.

मग सर्फरने काय करायचं? कोस्टा रिकातल्या प्लाया ग्रांदे किनाऱ्यावर चांगली लाट आहे आणि लेदरबॅक कासवंही. १९९१ मध्ये तिथे लास बाउलास राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. विणीच्या हंगामात रात्री किनारा बंद, दिवसा सर्फिंग चालू. साधी वाटणी! फळीने कासवाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते फळीमागून येणाऱ्या दिव्यांनी, डीजेने आणि वाळूवर घातलेल्या गाड्यांनी.

भारतात हा खेळ तसा नवाच. मुलकीचा मंत्रा सर्फ क्लब २००४ चा, सर्फिंग फेडरेशन २०११ ची. म्हणजे चांगल्या सवयी लावून घ्यायला अजून वेळ आहे. पेडण्याला मात्र तेवढा वेळ नाही. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरतायत, फेरीबोटीची अडचण कधीच संपली. नदीने इतकी वर्षं जे फुकट राखलं, ते आता माणसांनाच राखायला हवं.

तेव्हा पुढच्या हिवाळ्यात आश्व्याला जाल तर लाटा सकाळी पकडा आणि रात्री वाळू मोकळी सोडा. खोलीच्या बाहेरचा दिवाही तेवढा मालवा. :-)