चिठ्ठीत नाव कोणाचे? बिडकीन परिसराच्या इतिहासातील न्यायविचार

न्याय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय उभे राहते. परंतु ज्या नियमांनी समाजात जमीन, मान व संधी यांची वाटणी होते, त्या नियमांतच न्याय किंवा अन्याय आधी वसत असतो. समानांस समान द्यावे, असे ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने सांगितले. मात्र समान कोणास मानावे, हा वाद त्याने मिटला नाही. आपल्या बिडकीन परिसराचा इतिहास पाहिला असता हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

बिडकीन हे पैठणच्या वाटेवरचे गाव. त्या पैठणास श्रीएकनाथ महाराजांनी (१५३३–१५९९) भूतमात्री भगवंत पाहण्याची शिकवण आपल्या आचरणाने दिली. तथापि देवाच्या दारी मान्य झालेली समता शेताच्या बांधापर्यंत पोहोचण्यास शतके लागली.

निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानाच्या क्षेत्रापैकी सुमारे ६० टक्के दिवाणी, सुमारे ३० टक्के जहागिरींचे व सुमारे १० टक्के सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाचे होते. नांगर धरणारा एक आणि उत्पन्नावर हक्क सांगणारा दुसरा, ही स्थिती त्या काळी स्वाभाविक मानली जाई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले व १५ ऑगस्ट १९४९ च्या विनियमाने जहागिरी नष्ट झाल्या. १९५० च्या कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा निर्माण केला आणि १९५४ च्या दुरुस्तीने अशा कुळांस मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. कसणाराचा घाम हाही हक्काचा पुरावा होय, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले. परंतु कुळाच्या बांधावर मजुरी करणारा भूमिहीन त्याही कायद्याच्या बाहेरच राहिला.

त्याच सुमारास, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटनासमितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकू दिली तर लोकशाहीचाच पाया ढासळेल. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. पिढ्यान्‌पिढ्या विद्येपासून दूर ठेवलेल्यांस केवळ ‘दार उघडे आहे’ असे सांगून भागत नाही. दारापर्यंतची वाटही करून द्यावी लागते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

१९७१ मध्ये अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स याने न्यायाची एक कसोटी मांडली. समाजात आपण श्रीमंत की गरीब, स्त्री की पुरुष, कोणत्या कुळात जन्मलेले, हे ठाऊक नसताना आपण जे नियम मान्य करू, तेच न्याय्य. विषमता राहिलीच, तर तिचा लाभ तळच्या माणसास झाला पाहिजे. ही कल्पना आपणांस अगदीच परकी नाही. भावकीत वाटणी करताना वाटे पाडून चिठ्ठ्या टाकतात. आपल्या वाट्यास काय येईल हे कोणासच ठाऊक नसल्यामुळे सर्वच वाटे सारखे पडतात. पद्धत उत्तम खरी. परंतु त्या चिठ्ठ्यांत बहिणीचे नाव कधी होते काय?

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीस वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध हिस्सेदारी दिली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तीही त्यापूर्वी विवाह न झालेल्या मुलींपुरती, आणि केंद्राने २००५ मध्ये ती दिली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच प्राप्त होतो, हे स्पष्ट केले. तरीही माहेरची वाट बंद होईल या भीतीने हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या भगिनी आजही घरोघर आहेत. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रास अर्पण झालेले बिडकीन औद्योगिक क्षेत्र ७,८५५ एकरांवर पसरले आहे. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरील नाव पाहून येतो. ज्यांचे नाव तेथे नव्हते, त्या बहिणीचे काय? त्याच शेतावर राबणाऱ्या मजुराचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे शेतमजूर, कुळे व कारागीर यांच्या कुटुंबांसही ‘बाधित कुटुंब’ मानले. जमीन गेली म्हणजे केवळ मालकाचे जात नाही, हे सत्य त्यात मान्य झाले आहे. कायद्याने मान्य केलेले मनाने मान्य करण्यास मात्र आपण उशीर लावतो.

ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो, शासनाकडे आपण आपला न्याय्य वाटा मागतो आणि तो मागावाच. परंतु जो समाज बाहेर न्याय मागतो, त्याच्या घरातही न्याय नांदला पाहिजे. यापुढे वाटणीचा कागद होईल तेव्हा वडीलधाऱ्यांनी सर्वांआधी लेकीस जवळ बसवावे, तिचा हिस्सा तिला समजावून सांगावा, आणि ती काय म्हणते ते निर्भयपणे बोलू द्यावे. आपल्या शेतावर ज्यांनी हयात घालविली, त्यांच्या मुलांच्या शिक्षणास व कामधंद्यास हात द्यावा. एवढे आपल्या हातून घडले, तरी या भूमीच्या दीर्घ इतिहासात आपल्या पिढीने एक पाऊल पुढे टाकले असे होईल.