विद्यापीठाच्या उंबरठ्यावर

महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतून 'मॅट्रिक' हा शब्द एके काळी इतका रुळून गेला होता, की तो मूळचा कोणत्या भाषेतला व त्याचा अर्थ काय, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नसे. मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाला, एवढा अर्थ आळीत पेढे वाटणाऱ्या वडिलांना पुरेसा होता. परंतु या शब्दाच्या मुळाशी परीक्षा नाही. 'मात्रिकुला' या लॅटिन शब्दाचा अर्थ नावांची वही, पट. मॅट्रिक होणे म्हणजे पटावर नाव चढणे. दुरून आलेल्या परक्या मुलाला विद्यापीठाने 'आजपासून तू आमचा' असे म्हणणे. हे शब्द कोणी उच्चारावेत, कसे उच्चारावेत, आणि ते उच्चारणारा कोणी उंबरठ्यावर उभाच नसेल तर काय होते, याचा इतिहास सुमारे आठशे वर्षांचा आहे. तो मनोरंजक खरा. परंतु सर्वस्वी सुखद नव्हे.

बाराव्या शतकात इटलीतील बोलोन्या येथे कायदा शिकण्यासाठी आणि फ्रान्समधील पॅरिस येथे तर्क व धर्मशास्त्र शिकण्यासाठी युरोपच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येऊ लागले. वाटेत चोर, गावात घरमालक आणि बाजारात दुकानदार, असे तीन शत्रू त्यांच्यासाठी टपलेले असत. एखाद्या जर्मन व्यापाऱ्याने बोलोन्यातील सावकाराचे पैसे बुडविले, तर त्याच देशाच्या निरपराध विद्यार्थ्यास धरून ते वसूल करावयाचे, असा तेथील प्रघात होता. इ. स. ११५८ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने विद्येसाठी प्रवास करणाऱ्यांस अभय देणारा कायदा जाहीर केला. देशबांधवाच्या कर्जासाठी विद्यार्थ्यास धरू नये, आणि त्याच्यावर फिर्याद झालीच, तर तिचा निवाडा त्याच्या गुरूपुढे किंवा बिशपापुढे व्हावा, असे त्यात सांगितले होते. परदेशी मुलाला गुरू हाच पालक आणि गुरू हाच न्यायाधीश, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

पुढे १२१५ साली पोपचा प्रतिनिधी रोबेर द कूर्सों याने पॅरिसच्या विद्यापीठासाठी नियम घालून दिले. त्यांतील एक नियम अगदी लहान आहे. परंतु या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे. ज्याला निश्चित असा गुरू नाही, त्याने पॅरिसमध्ये स्वतःला विद्यार्थी म्हणवू नये, असा तो नियम होता. गुरूने आपल्या शिष्यांची नावे आपल्या पटावर ठेवावयाची, आणि पटावर ज्याचे नाव असेल त्याच्यासाठी शब्द टाकावयाचा. नवागताला विचारावयाचा पहिला प्रश्न 'तुला काय येते' हा नसून 'तू कोणाचा' हा होता.

नियम उत्तम होता. परंतु तो कागदावर लिहिणे सोपे आणि पाळणे अवघड. विद्यार्थी हजारांनी वाढले. गुरू व्याख्यान आटोपून घरी जाई, आणि चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी वसतिगृहाच्या अंधाऱ्या जिन्यावर एकटा सापडे. तेथे त्याला 'तू कोणाचा' हा प्रश्न विचारणारे दुसरे लोक उभे असत. ते म्हणजे त्याच्याआधी एक-दोन वर्षे आलेले विद्यार्थी.

या विद्यार्थ्यांनी नवागतास नाव दिले 'पिवळी चोच'. घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले, चोचीचा पिवळेपणा अजून न गेलेले पिलू, असा त्याचा अर्थ. फ्रेंच भाषेतील या शब्दावरून लॅटिनमध्ये 'बेजाउनुस' आणि जर्मन विद्यापीठांत 'बेआनुस' असे रूप झाले. पुढे कोणा विनोदी मनुष्याने या शब्दाच्या एकेका अक्षरापासून एकेक शब्द काढून त्याची व्याख्याच केली: विद्यार्थ्याचे जीवन ठाऊक नसलेले जनावर. थट्टा म्हणून हे ठीक होते. परंतु थट्टेचे हळूहळू विधीत रूपांतर झाले, आणि विधीला दक्षिणा चिकटली. नवागताने सर्वांना मेजवानी दिलीच पाहिजे, असा दंडक पडला. गरिबाच्या मुलाने वर्षभराच्या खर्चासाठी आणलेले पैसे पहिल्या आठवड्यातच इतरांच्या पोटात जाऊ लागले. पॅरिसच्या विद्यापीठाने अशा वसुलीविरुद्ध चौदाव्या शतकातच बंदीहुकूम काढले. बंदी घालावी लागली, यावरूनच चाल किती बोकाळली होती हे दिसून येते.

जर्मनीत या विधीला 'शिंगे उतरविणे' असे म्हणत. १४८१ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी लॅटिन संवादांचे एक लहानसे पुस्तक छापले गेले. हायडेलबर्गच्या विद्यार्थीजीवनाचे चित्र असलेल्या या पुस्तकात हा विधी सविस्तर वर्णिलेला आहे. दोघे विद्यार्थी नवागताच्या खोलीत शिरतात आणि 'येथे कसली दुर्गंधी येते' असे म्हणून नाक दाबतात. मग त्यांना तो रानटी पशू 'दिसतो'. त्याला शिंगे आहेत, सुळे आहेत, दाढी वाढलेली आहे. शिंगे करवतावयाची, सुळे चिमट्याने उपटावयाचे, दाढी भादरावयाची, घाणेरडी मलमे आणि गोळ्या द्यावयाच्या, असे नाटक सुरू होते. शेवटी त्याच्याकडून खोट्या पापांची कबुली घेतात, आणि प्रायश्चित्त ठरते ते अर्थातच मेजवानीचे!

हे सर्व शिक्षकांच्या पाठीमागे होत असे, असे मात्र नव्हे. पुढच्या काळात पुष्कळ जर्मन विद्यापीठांनी हा विधी प्रवेशाचा अधिकृत भागच करून टाकला. विद्याशाखेचा प्रमुख शेवटी येऊन नवागताच्या जिभेवर मिठाचा कण ठेवी आणि मस्तकावर थोडे मद्य ओती. मीठ हे शहाणपणाचे आणि मद्य हे आनंदाचे चिन्ह मानले जाई. विटेनबर्ग येथे खुद्द मार्टिन ल्यूथरने अशा समारंभात नवागतांना उपदेश केल्याची नोंद आहे. या विधीत जे सोसले ते पुढील आयुष्यात सोसावयाच्या दुःखांची केवळ तालीम होय, असा त्याच्या उपदेशाचा आशय होता. त्रास देणाऱ्याला तत्त्वज्ञान मिळाले, म्हणजे त्रास थांबण्याची आशा मावळते. येथेही तसेच झाले.

सतराव्या शतकात जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध पेटले, आणि विद्यापीठांतील शिस्त पार लयाला गेली. एका दिवसाचा विधी आता सुमारे वर्षभराची गुलामी झाला. नवागताला 'पेनाल' म्हणत, म्हणजे लेखण्यांची डबी. कारण तो बिचारा व्याख्याने टिपून घेण्यासाठी डबी बरोबर घेऊन हिंडे. अभ्यासूपणाची खूण हीच हेटाळणीची खूण व्हावी, यावरून त्या काळातील विद्यापीठांची दशा कळून येते. ज्येष्ठ विद्यार्थी त्याचे चांगले कपडे हिसकावून आपले फाटके त्याच्या अंगावर घालीत, त्याच्याकडून नोकराची कामे करवून घेत, आणि नको ते खावयास लावीत. वर्ष संपले, म्हणजे हाच पेनाल ज्येष्ठ होई आणि पुढच्या पिलाची वाट पाहू लागे. सासूने सुनेला छळावे आणि त्या सुनेने सासू होताच तेच करावे, तशातला हा प्रकार. एका विद्यापीठाने हाकललेला दांडगा दुसऱ्यात जाऊन मानाने बसे, म्हणून एकेकट्या विद्यापीठाचा इलाज चालेना. शेवटी, एकाने काढलेल्यास दुसऱ्याने घेऊ नये, असे जेव्हा विद्यापीठांनी एकमेकांत ठरविले, तेव्हा कोठे त्या शतकाच्या उत्तरार्धात या चालीला पायबंद बसला.

अटलांटिक महासागर ओलांडून गेलेल्या इंग्रजांनी विद्येबरोबर हे व्यसनही नव्या जगात नेले. अमेरिकेतील हार्वर्ड कॉलेजात १७३४-३५ च्या सुमारास लिहून ठेवलेले रीतिरिवाज उपलब्ध आहेत. पाऊस, गारा किंवा बर्फ पडत नसेल, तर नवागताने कॉलेजच्या आवारात टोपी घालू नये. मात्र दोन्ही हात ओझ्याने गुंतलेले असतील तर त्याला माफी, असा एक मासलेवाईक नियम त्यांत सापडतो. ज्येष्ठांचे निरोप पोचविणे हेही त्याचे काम होते. टोपीचा नियम वाचून हसू येते. परंतु १८७३ साली कॉर्नेल विद्यापीठात एका विद्यार्थीमंडळाने नव्या सभासदास रात्री डोळे बांधून रानात नेले, आणि तो मुलगा कड्यावरून दरीत कोसळून मरण पावला. टोपीपासून दरीपर्यंतची वाट एकच आहे. तिच्यावर पहिले पाऊल टाकणाऱ्यास शेवटचे दिसत नाही, एवढेच.

बंदी आणि शिक्षा यांहून निराळा उपाय मात्र याच अमेरिकेत निघाला. १८८८ साली बॉस्टन विद्यापीठात नवागतांना कॉलेजजीवनाची ओळख करून देणारे पाठ सुरू झाले. पुढे १९२३ मध्ये मेन विद्यापीठाने 'नवागतांचा आठवडा' पाळला. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लॅरेन्स कुक लिट्ल हे पेशाने जीवशास्त्रज्ञ होते. उंदरांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचा अभ्यास करीत. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांना हे पद मिळाले होते. कल्पना साधी होती. ज्येष्ठ विद्यार्थी सुट्टीहून परतण्यापूर्वीच नव्यांना बोलवावे, म्हणजे काही दिवस आवारात नवागत आणि अध्यापक हेच काय ते असतील. अशा आठवड्यात मुलांची प्रकृती तपासली जाई, त्यांची तयारी अजमावली जाई. ग्रंथालय कसे वापरावे, टिपणे कशी घ्यावीत, अडचण आल्यास कोणाकडे जावे, हे त्यांना दाखविले जाई. पुढे हेच अध्यक्ष मिशिगन विद्यापीठात गेले आणि १९२७ मध्ये त्यांनी तेथेही ही पद्धत चालू केली. पाहता पाहता ती देशभर पसरली. उंबरठ्यावर ज्येष्ठ विद्यार्थ्याआधी गुरूने जाऊन उभे राहावे, हे या योजनेचे मर्म होते. पॅरिसचा १२१५ चा नियम सातशे वर्षांनी नव्या वेषात परत आला, असे म्हटले तरी चालेल.

भारताची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे जुन्या काळी उंबरठा कठीण असे, पण आतला माणूस मायेचा असे. सातव्या शतकात ह्युएन त्सांग याने नालंदेचे जे वर्णन केले आहे, त्याप्रमाणे बाहेरून वादासाठी येणाऱ्यांस दारावरचा पंडितच अवघड प्रश्न घाली, आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत जात. परंतु आत घेतलेल्याची व्यवस्था काळजीपूर्वक होई. स्वतः ह्युएन त्सांग सामान्य विद्यार्थी नव्हता. तरी तोही प्रथम वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या पायांशी जाऊन त्यांचा शिष्य झाला, आणि मगच त्याला राहण्यास जागा व महाशाली तांदूळ, सुपाऱ्या, कापूर असा रोजचा शिधा नेमून मिळाला. गुरू आधी आणि शिधा नंतर, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ मात्र त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे, हेच त्याचे मुख्य काम. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या वेळी विद्यार्थी इतके मोजके होते, की प्राध्यापकांना प्रत्येकाची ओळख सहज असे. तेव्हा पटावरचे नाव आणि चेहरा यांची फारकत झालेली नव्हती. संख्या वाढली तशी ती झाली. स्वातंत्र्यानंतर अभियांत्रिकी आणि वैद्यक महाविद्यालये वाढली, मोठाली वसतिगृहे उभी राहिली, आणि त्यांच्या जिन्यांवर जुनाच प्रश्न विचारणारे नवे ज्येष्ठ उभे राहिले. या प्रकाराचे 'रॅगिंग' हे इंग्रजी नाव आज मराठी घरांतही धास्तीने उच्चारले जाते. कित्येक मुलांनी शिक्षण सोडले. काहींनी प्राण गमावले.

तमिळनाडूने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये याविरुद्ध कायदे केले. महाराष्ट्राच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थाचालकांना त्यांच्या जबाबदारीची जाणीव दिली. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यक महाविद्यालयातला विद्यार्थी ज्येष्ठांच्या मारहाणीमुळे दगावला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम जारी केले. त्यांत शिक्षा आहेत, प्रतिज्ञापत्रे आहेत. परंतु सर्वांत महत्त्वाचे कलम शिक्षेचे नव्हे. नवागत संस्थेत येताच त्यांचे लहान लहान गट पाडावेत, प्रत्येक गट एकेका अध्यापकाच्या स्वाधीन करावा, आणि त्या अध्यापकाने गटातील प्रत्येक मुलाशी रोज स्वतः बोलून त्याच्या अडचणी जाणून घ्याव्यात, असे ते कलम आहे. मधल्या आठशे वर्षांचे अंतर सोडले, तर पॅरिसच्या नियमात आणि यात फरक तो किती?

त्यानंतर विधायक बाजूनेही पावले पडली. गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये नवागतांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये अभियांत्रिकीसाठी तीन आठवड्यांची योजना आखली. आणि २०१९ मध्ये अनुदान आयोगाने सर्व विद्याशाखांसाठी 'दीक्षारंभ' या सुंदर नावाने मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

नाव सुंदर आहे. आता प्रश्न आचरणाचा. सभागृहात हार-तुरे, पाहुण्यांचे भाषण आणि शेवटी चहा-बिस्किटे, एवढ्यावर दीक्षारंभ आटोपला, तर तो दिवस संपून रात्र होतेच, आणि वसतिगृहाचा जिना तेथेच असतो. इतिहासाचा निर्वाळा असा, की नवागताला 'तू कोणाचा' हा प्रश्न पहिल्या आठवड्यात कोणी ना कोणी विचारणारच. त्याचे उत्तर देण्यासाठी अध्यापक पुढे आला नाही, तर ते उत्तर दुसरे लोक देतात, आणि त्यांच्या परीने देतात. म्हणून ज्या घरातून यंदा एखादा मुलगा किंवा मुलगी ट्रंक भरून परगावच्या महाविद्यालयात निघाली असेल, त्या घरच्या वडील माणसांनी शुल्क, खोली आणि खानावळ यांची चौकशी केल्यावर आणखी एक चौकशी अवश्य करावी. आपल्या मुलाचे नाव ज्याला तोंडाने ठाऊक आहे, असा एक तरी अध्यापक तेथे आहे काय? असेल, तर मुलाचे नाव खऱ्या अर्थाने पटावर चढले.