मोडलेल्या मणक्याचा शेजारी

गावात एखादी वयस्क बाई पाण्याची कळशी उचलायला वाकते, पाठीत एकदम कळ येते, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी ताठ उभी राहत नाही. आपण म्हणतो, वय झाले, पोक आले. पुष्कळदा ते नुसते वय नसते. हाडातला चुना कमी होऊन एक मणका दबून मोडलेला असतो. अशा मणक्यात सिमेंट भरण्याची युक्ती निघाली, आणि तिच्यामागून एक प्रश्न आला: आता याच्या शेजारचा मणका टिकेल काय?

१८९५ साली जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि मोडलेले हाड डोळ्यांना दिसू लागले. पण मोडण्यापूर्वी ते किती पोकळ झाले आहे, हे काही दिसेना. साध्या क्ष-किरण चित्रात हाड विरळ दिसू लागते, तोवर सुमारे तिसरा हिस्सा चुना निघून गेलेला असतो. वाळवी लागलेला वासा वरून धड दिसावा, तसलाच प्रकार.

मोजमाप यायला १९६३ साल उजाडले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी फिल्मचा नाद सोडला. किरणांची बारीक शलाका हाडातून सोडायची आणि पलीकडे ती किती उरली ते मोजायचे. कमी उरली तर चुना जास्त. अगदी साधा हिशोब! याच वाटेने १९८७ मध्ये डेक्सा नावाचे यंत्र आले. त्याची एक खोड मात्र आहे. दबलेला मणका त्याला उलट दाट भासतो. म्हाताऱ्या कण्यावर वाढलेली हाडाची टोकेही तो चुन्यातच धरतो. म्हणजे जिथे खरी गरज, तिथेच यंत्र फसते.

सिमेंटची गोष्ट फ्रान्समधील आमियां गावची. १९८४ साली गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ झालेल्या एका रुग्ण स्त्रीच्या मणक्यात सुईवाटे सिमेंट भरले. (हे सिमेंट इमारतीचे नव्हे बरे का; ते एक प्रकारचे प्लॅस्टिक असते.) वेदना थांबली. मग ठिसूळपणाने मोडलेल्या मणक्यांतही तेच भरू लागले.

पण काही रुग्ण थोड्या महिन्यांनी परत येत, आणि आता शेजारचा मणका मोडलेला असे. दोष साहजिकच सिमेंटवर आला: एक मणका दगडासारखा केला, म्हणून मऊ शेजारी चेपला. शंका वाजवी होती, आणि सिमेंट दोन मणक्यांमधल्या चकतीत झिरपले तर धोका वाढतो असे काही डॉक्टरांना आढळलेही आहे. मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी लक्षात घेतली पाहिजे. सिमेंट न भरलेल्या स्त्रियांतही, एक मणका मोडल्यावर वर्षाच्या आत सुमारे पाचांपैकी एकीचा दुसरा मोडत होता. माझ्या मते मुख्य गोष्ट ही आहे. आजार एका मणक्याचा नाही, साऱ्या कण्याचा आहे. २००९ साली ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील दोन चाचण्यांत तर खरे सिमेंट आणि नुसता देखावा यांत दुखण्याच्या दृष्टीने फरक दिसला नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

मग पुन्हा मोडणारा कणा आधी ओळखायचा कसा? इथे गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांचे ऋण आठवते. हे गृहस्थ इंग्लंडमधील शेतकऱ्याचे पोर. लहानपणी घरी केलेले पंख घेऊन गवताच्या गंजीवरून उडी मारणारे. १९७१ साली लंडनमध्ये त्यांच्या सीटी यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला. या यंत्रात प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो: पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला त्याहून पुष्कळ वर. चाळीस वर्षे हे आकडे चित्रात पडून होते! २०१३ साली त्याच विस्कॉन्सिन विद्यापीठातील पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी, पोटाच्या वगैरे तक्रारीसाठी काढलेल्या जुन्या चित्रांतून कमरेच्या पहिल्या मणक्याचा आकडा वाचला. १६० च्या वर असेल तर हाड बहुधा ठीक. ११० च्या खाली असेल तर ठिसूळपणाची दाट शंका.

एमआरआय चित्रातही असेच काही दडलेले होते. हाड विरळ होते तशी मगजातली चरबी वाढते, आणि चरबी त्या चित्रात उजळ दिसते. २०२० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी मणक्यांच्या उजळपणाला मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या उजळपणाने भागले. आकडा मोठा, तर हाड कमजोर. सिमेंट भरल्यावर ज्यांचा दुसरा मणका मोडला, त्यांचा आकडा सरासरीने मोठा होता, असे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले.

आता तुम्ही म्हणाल, आकडा कळून उपयोग काय? सिमेंट भरण्यापूर्वी ताजा मोड कुठला हे पाहायला एमआरआय बहुधा काढतातच. त्याच चित्रातून आकडा मिळाला, तर हाड बळकट करणारे औषध त्याच आठवड्यात सुरू करता येते. नाहीतर पाठ दुखायची थांबली की रुग्ण घरी जातो आणि औषधाचे नाव निघत नाही. अडचण एवढीच, की चुंबकाची शक्ती बदलली की हा आकडाही बदलतो. एका रुग्णालयाची सीमारेषा दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही.