‘वेंट’ मूळचं कुणाचं?

‘गो, वेंट, गॉन’ हे त्रिकूट मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकलं गेलं आहे. पहिल्या आणि तिसऱ्या रूपात निदान ‘ग’ तरी समान आहे. मधल्याचा त्या दोघांशी सुतराम संबंध दिसत नाही. अनियमित क्रियापद आहे, पाठ करा, असं म्हणून विषय मिटवला जातो. पण ‘वेंट’ मुळात अनियमित नाहीच. ते दुसऱ्याच एका क्रियापदाचं अगदी शिस्तीतलं भूतकाळी रूप आहे आणि ‘गो’च्या घरात ते दत्तक आलं आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत जाणे म्हणजे ‘गान’. त्याचा भूतकाळ ‘एओदे’. म्हणजे ‘गो’ला स्वतःचा भूतकाळ तेव्हाही नव्हता, ‘एओदे’सुद्धा वेगळ्याच धातूचं. शेजारीच ‘वेंडन’ हे क्रियापद नांदत होतं. त्याचा अर्थ वळणे, वळवणे. वाट वळत जाते तेव्हा इंग्रजीत जे ‘वाइंड’ वापरतात, ते याचंच सख्खं. वळता वळता ‘वेंडन’ला ‘वाटेला लागणे’, ‘निघणे’ असे अर्थ चिकटले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू निघतात, ते याच क्रियापदाने.

या क्रियापदाची एक अडचण मला फार बोलकी वाटते. जुन्या इंग्रजीत ‘मी वळतो’ आणि ‘मी वळलो’ या दोन्हींसाठी एकच रूप होतं : ‘वेंडे’. धातूच्या शेवटी ‘ड’, भूतकाळाचा प्रत्ययही ‘ड’चाच, दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. पुढे भूतकाळात ‘ट’ आला, तेव्हा कुठे फरक कानाला कळू लागला. सेंड–सेंट, बेंड–बेंट, लेंड–लेंट या जोड्या तशाच घडल्या. वेंड–वेंट ही त्याच रांगेतली.

तिकडे ‘एओदे’ झिजत होतं. कुठे ‘येदे’, कुठे ‘योदे’ अशी त्याची रूपं झाली. पंधराव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या भाषेत ‘वेंट’ने ती जागा घेतली. जुनं रूप इतकं विस्मरणात गेलं की सोळाव्या शतकात कवी एडमंड स्पेन्सरने जुनेपणाचा रंग आणण्यासाठी ते उचललं, तेव्हा भूतकाळी ‘येदे’ हेच मूळ क्रियापद समजून वापरलं. इकडे ‘वेंड’चा भूतकाळ परक्या घरी गेल्यामुळे त्याला ‘वेंडेड’ हा नवा भूतकाळ जुळवावा लागला. आज ते क्रियापद मुख्यतः ‘वाट काढत जाणे’ अशा एका ठरीव वाक्प्रचारात तग धरून आहे.

अशी विजोड रूपं टिकतात ती सर्वांत जास्त वापरातल्या क्रियापदांतच, कारण रोज कानावर पडणारं रूप विसरायला सवडच मिळत नाही. आपलं ‘जाणे’ पाहा. ‘जातो’ आलं संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’पासून. खातो–खाल्ला म्हणताना आपण थोडं तरी साम्य ऐकतो; ‘जा’ आणि ‘गे’ मात्र दोन वेगळ्या घराण्यांतले आहेत. तरी मराठी माणसाला ते कधी खटकत नाही.

इंग्रज मुलं बोलायला शिकताना ‘गो’ला सरळ भूतकाळाचा प्रत्यय लावून ‘गोड’ म्हणतात, आणि मोठी माणसं ते दुरुस्त करतात. मुलांचा तर्क मात्र चोख असतो. उत्तरेला स्कॉट्स भाषेत मोठ्यांनीच तो मान्य केला : तिथे जाणे म्हणजे ‘गे’ आणि गेला म्हणजे ‘गेड’. रॉबर्ट बर्न्सच्या अठराव्या शतकातल्या कवितेत हे ‘गेड’ भेटतं.